जुन्या गाडीची गाळणी



गेल्या पंधरवड्यात द्राक्षबाग पाहायला एका वाडीवर गेलो होतो. बाग पाहून झाली, चहा झाला आणि निघताना बागायतदारांनी अंगणातल्या गाडीकडे बोट केले. बारा वर्षांची डिझेल गाडी, मीटरवर दोन लाखांच्या वर किलोमीटर. भाजीचे क्रेट त्याच गाडीतून बाजारात जातात, पोरे त्याच गाडीतून शाळेला, आणि रात्री-अपरात्री कुणाला बरे नसले तर तालुक्याच्या दवाखान्यातही तीच गाडी. ते म्हणाले, "साहेब, ऑईल फिल्टर बदलायचा आहे. दुकानदाराने तीन किमतीचे दाखवले. गाडी आता म्हातारी झाली, हलका टाकला तर चालेल ना?"

प्रश्न करपा-भुरीचा नव्हता, पण उत्तर देणे भाग होते. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. ती हकिकत पुढे येईलच.

आधी फिल्टरचे काम समजून घेऊ. इंजिनच्या खालच्या चेंबरमधले ऑईल पंप ओढतो, ते फिल्टरच्या घडीदार कागदातून गाळले जाते आणि मग बेअरिंगपर्यंत पोचते. ऑईलमध्ये काजळी, धूळ आणि धातूची झीज मिसळत असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगला घातक कण 10 ते 20 मायक्रॉनचेही असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पॉलिश पेपरसारखे धातू घासतात. जुन्या इंजिनच्या रिंगा झिजलेल्या असतात, त्यामुळे जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि ऑईल लवकर काळे होते. म्हणजे म्हाताऱ्या गाडीच्या फिल्टरला काम कमी नव्हे, जास्तच असते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या ठिबक संचाचा फिल्टर तुंबला तर प्रेशर गेज सांगतो, ड्रिपरचे पाणी कमी होते, चार दिवसांत पीक माना टाकते. गाडीचा फिल्टर तुंबला तर गाडी काहीच सांगत नाही. इंजिन कोरडे पडू नये म्हणून फिल्टरमध्ये किंवा त्याच्या बैठकीत एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. वाट बंद झाली की तो उघडतो आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. याला बायपास म्हणतात. दिवा लागत नाही, आवाज येत नाही, गाडी धावत राहते आणि आत बेअरिंग झिजत राहते. म्हणून फिल्टर भारी की हलका यापेक्षा तो वेळेवर बदलला की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

दुसरा एक व्हॉल्व्ह रबरी पडद्याचा असतो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर गाडी बंद असताना त्यातले ऑईल परत खाली उतरू नये, हे त्याचे काम. पडदा कडक झाला की रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी गाडी सुरू करताच काही क्षण खडखड ऐकू येते. जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असल्याने प्रेशर यायला आधीच वेळ लागतो. तेव्हा जुन्या गाडीसाठी पैसे मोजायचेच असतील तर या पडद्यासाठी मोजावेत. सिलिकॉन रबराचा पडदा उष्णता जास्त सोसतो. मात्र नुसत्या रंगावर भुलू नये.

दुकानात गेल्यावर एवढे पाहावे :

1) गाडीच्या पुस्तकातला फिल्टरचा नंबर लिहून न्यावा. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नाही. बायपास उघडण्याचे प्रेशर वेगळे असू शकते. "मोठा घ्या, जास्त गाळतो" या सल्ल्याला मान डोलावू नये.

2) मधल्या आट्याच्या भोकाभोवती बारीक भोके असतात. त्यांतून रबरी पडदा बोथट काडीने हळूच दाबावा. तो लवून परत जागेवर यावा. बाहेरची रबरी रिंग मऊ आणि खाचेत नीट बसलेली असावी.

3) डबा हलवून पाहावा, आत काही वाजू नये. छपाई पुसट असेल, किंमत व बनवणाऱ्याचे नाव नीट वाचता येत नसेल तर तो माल घेऊ नये. पक्के बिल मागावे. बियाणे घेताना आपण घेतो तीच काळजी इथे.

सगळ्यात महाग फिल्टर बारीक कण धरतो आणि जास्त टिकतो, हे खरे. पण जुन्या इंजिनचे ऑईलच लवकर काळे होते, ते बदलावे लागतेच. म्हणून योग्य नंबरचा, चांगल्या बनावटीचा मध्यम किमतीचा फिल्टर घ्यावा आणि प्रत्येक वेळी ऑईलबरोबर तो बदलावा. जुना फिल्टर ठेवून नवे ऑईल भरणे म्हणजे नासक्या दुधाच्या भांड्यात ताजे दूध ओतणे.

आता माझी हकिकत. 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडावर मी माझ्या जुन्या गाडीचा फिल्टर घरीच बदलला. जुना काढताना त्याची रबरी रिंग इंजिनच्या बैठकीलाच चिकटून राहिली. मी पाहिले नाही आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला. दोन रिंगा एकमेकींवर धरून राहत नाहीत. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर जाताना वाटेत तांबडा दिवा लागला. वायर सैल असेल असे समजून मी तसाच दोन किलोमीटर गेलो. सगळे ऑईल रस्त्यावर सांडले होते आणि इंजिन जाम झाले. दुभत्या म्हशीसाठी घरात बाजूला ठेवलेले पैसे त्या इंजिनात गेले. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, मी चहाची गाळणीसुद्धा आधी झटकून मग धरते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून जुना फिल्टर काढला की बैठक कापडाने पुसून बोट फिरवावे. जुनी रिंग निघाली याची खात्री करावी. नव्या रिंगेला ताजे ऑईल बोटाने लावावे. रिंग टेकल्यावर डब्यावर लिहिले असेल तेवढेच, बहुधा पाऊण फेरा, हाताने आवळावे. त्यासाठी पाना लावू नये. गाडी सुरू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. गळती पाहून, इंजिन बंद करून, थोड्या वेळाने पट्टीवर ऑईल तपासावे. आणि तांबडा दिवा वाटेत लागला तर गाडी तिथेच थांबवावी.

शेवटी एक माती परीक्षणासारखे काम. जुना फिल्टर पत्रा कापायच्या कात्रीने उघडावा. करवतीने कापल्यास तिचाच कीस आत पडतो. कागद पसरून उन्हात पाहावा. लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, तांबूस चकाकणारे कण बहुधा बेअरिंगचे. असे कण भरपूर दिसले तर मेस्त्रीला दाखवावे. ऐन हंगामात गाडी बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते. काळे ऑईल मात्र विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्याकडे द्यावे.

त्या बागायतदारांनी मधल्या किमतीचा फिल्टर घेतला. बसवताना मी शेजारी उभा होतो, आणि बैठकीवर बोट फिरवायचे काम त्यांच्या थोरल्या मुलीने केले. जुनी रिंग तिथेच चिकटलेली होती. तिनेच ती नखाने उचकटून आमच्या हातावर ठेवली.