हाताला मुंग्या येतात?

ताम्हिणी उतरून कोकणात पोचलेला बाईकवाला चहाच्या टपरीवर थांबला की आधी हात झटकतो. वर कौतुकानं सांगतो, "सिंगल सिलिंडर आहे राव, मुंग्या यायच्याच!" मला हे कौतुक काही पटत नाही. बधिर झालेली हीच बोटं पुढच्या वळणावर ब्रेक दाबणार असतात. आणि सोमवारी कीबोर्डही तीच बडवणार!

लोक लगेच जाड ग्लोव्ह्ज नि जेलच्या ग्रिप शोधायला लागतात. इंजिनाची थरथर हे कारण आहेच, पण माझ्या मते मोठं कारण म्हणजे आपली मूठ. हँडल करकचून आवळलं की थरथर हातात जास्त शिरते, आणि मनगट वाकलेलं असेल तर तिथले मज्जातंतू दाबले जातात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर बहुधा मीडियन नर्व्ह. करंगळी नि तिच्या शेजारचं बोट असेल तर अल्नर.

उपाय फुकटातले आहेत. गुडघ्यांनी टाकी धरा, अंगाचा भार हातांवर टाकू नका, कोपरं सैल ठेवा. क्लच-ब्रेकचे लिव्हर असे फिरवून घ्या की त्यांवर बोटं ठेवल्यावर मनगट सरळ राहील. तासा-दीड तासानं थांबाच. एवढं करूनही भागलं नाही तर खुशाल ग्रिप बदला, बार-एंडला वजनं लावा.

आणि मुंग्या रात्री झोपेतही येत असतील तर मेकॅनिककडे नाही, डॉक्टरकडे जा. गाडीचे स्पेअर पार्ट मिळतात हो, मनगटाचे नाही!