छताखालचा बर्फ आणि डोंगरावरचा बर्फ

धार, देवास, कुक्षी, निसरपूर या टापूत बर्फ दिसतो तो रसवंतीवर किंवा लसीच्या पेटीत. अशा प्रदेशातील डॉक्टरांच्या स्मरणिकेत स्कीइंगवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. पवारांच्या संस्थानकाळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची मुले-नातवंडे आज दुबई, इंग्लंड, हॉलंड येथे राहतात. तेथे मोठ्या शीतगृहासारख्या इमारतींत बर्फाचे उतार तयार केलेले असतात आणि सुटीच्या दिवशी मुले त्यांवर स्कीइंग व स्नोबोर्डिंग शिकतात. मनगट सुजले की दूरध्वनी मात्र येतो तो धारच्या काकांना किंवा देवासच्या आजोबांना. म्हणून या विषयाबाबत आपले काही निश्चित मत असणे आवश्यक आहे.

दुबईतील ‘स्की दुबई’ हा उतार २००५ साली सुरू झाला. त्याची उंची सुमारे ८५ मीटर असून सर्वांत लांब मार्ग ४०० मीटरांचा आहे. बाहेर वाळवंट तापत असताना आत तापमान शून्याखाली राखले जाते आणि थंड हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून बर्फ तयार केला जातो. वाळवंटात बर्फ राखण्यासाठी एवढी वीज जाळावी काय, हा आक्षेप गैरलागू नाही. तथापि केवळ शिकण्याची जागा म्हणून पाहिले तर अशा उताराचे गुण मान्य करावे लागतात. उतार बेताचा, उजेड पुरेसा, वारा नाही, आणि शिक्षक हाकेच्या अंतरावर. पडल्यावर उठावे कसे, दोन्ही पट्ट्यांची टोके जवळ आणून थांबावे कसे, हे तेथे एका दुपारी वीस वेळा गिरवता येते. वळता आणि थांबता न येणाऱ्यास मुख्य उतारावर सोडत नाहीत, ही शिस्तही स्तुत्य आहे.

मात्र छताखाली हाडे अधिक मजबूत होत नाहीत. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. तोल गेला की नवशिका तळहात टेकतो आणि भार मनगटावर येतो. नॉर्वेत ५,०२९ स्नोबोर्डपटूंवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनगटरक्षक वापरणाऱ्या गटात मनगटाच्या ८, तर न वापरणाऱ्या गटात २९ दुखापती नोंदल्या गेल्या. उपाय एवढा स्वस्त असताना तो टाळणे समर्थनीय नाही. स्कीइंगमध्ये धोका प्रामुख्याने गुडघ्याला. पडताना बूट पट्टीपासून सुटावा अशी योजना असते. पण ती वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून जुळवावी लागते. भाड्याने साहित्य घेताना संकोचाने वजन कमी सांगणे किंवा अभिमानाने कौशल्य वाढवून सांगणे, दोन्ही घातक. शिरस्त्राणाबद्दल तर वादच नको.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. पूर्वी मराठी घरांतील मूल पाठीला भोपळा बांधून, जाणत्याच्या नजरेखाली पोहायला शिके. पण एका पाण्याची ओळख दुसऱ्या पाण्यात पुरत नाही. नर्मदाखोऱ्यातील निसरपूर २०१९ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेले. जेथे ओळखीची वाट, ओळखीचा काठ होता, तेथे आता खोल जलाशय आहे. जुन्या सवयीने त्यात उतरणे धोक्याचे. बर्फाचेही तसेच आहे. छताखाली शिकलेला तरुण हिवाळ्यात गुलमर्गला जातो आणि स्वतःला तरबेज समजतो. धार आणि देवास समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरांवर, आणि तेथील पाळणा काही मिनिटांत सुमारे ३,९५० मीटरांपर्यंत नेतो. तेथे हवा विरळ, बर्फ असमान, आणि हिमप्रपाताचे भय खरे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी जवळच्या खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमप्रपातात मृत्युमुखी पडले. शिस्तबद्ध लष्करी पथकावर जो प्रसंग ओढवतो, तो हौशी पर्यटकाला चुकवेल असे मानण्यास आधार नाही.

तेव्हा माझे मत असे की, बंदिस्त उताराला श्रीमंतांचा चाळा म्हणून हिणवू नये, आणि तेथील चार धडे म्हणजे डोंगराचा परवानाही समजू नये. गुलमर्ग वा औलीला जाणाऱ्याने पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, स्थानिक शिक्षक घ्यावा आणि आखलेल्या मार्गाबाहेर जाऊ नये. डोकेदुखी व मळमळ सुरू झाल्यास आणखी वर न जाता तेथेच थांबावे. लक्षणे वाढल्यास खाली उतरावे.

आपल्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. सहलीहून परतलेल्या रुग्णाच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल, तर पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी मनगट स्थिर ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे. स्कॅफॉइडचा अस्थिभंग सुरुवातीस लपून राहतो. पडताना गुडघ्यात ‘कट्’ झाले आणि काही तासांतच सूज आली, तर आतील अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. उन्हाळी प्रदेशातील डॉक्टरला या दुखापती क्वचित भेटतील, आणि क्वचित भेटणाऱ्या गोष्टीच नजरेतून निसटतात.