बांध कोरण्याआधी मोजणी

दरवर्षी नांगरटीत बांध वीतभर कोरला जातो आणि मग दोन्ही शेजारी सातबारा नाचवत भांडतात. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द नव्हे. ती भूमी अभिलेख खात्याच्या नकाशात सापडते. म्हणून दाव्याआधी मोजणीचा अर्ज करावा, जमल्यास दोघांनी मिळून. आडमुठा शेजारी मोजणी मानणारच नाही, हा आक्षेप खोटा नाही. तरी लगतधारकाला नोटीस जाते, पटले नाही तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, आणि कोर्टातही नकाशालाच वजन असते. तोंडी हुज्जतीला कोण विचारतो? एकमेकांच्या जमिनी किमान बारा वर्षे कसणाऱ्यांसाठी तर २०२३ पासून सलोखा योजना आहे. तीत जमिनींच्या अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी हजार रुपये. संमती मात्र दोघांची हवी, आणि ती कोर्टाची पायरी चढण्याआधीच मिळण्याची शक्यता जास्त.