निकाल लोकांच्या कानी पडला पाहिजे

न्यायालयाचे दार सर्वांस उघडे असावे, हे तत्त्व आज बहुतेक राष्ट्रांनी मान्य केले आहे. परंतु दार उघडे असणे आणि आत जे ठरले ते बाहेरच्या माणसास कळणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. अरण्ये, माळराने आणि वन्य पशुपक्षी यांच्याविषयीच्या निकालांत हे अंतर फारच जाणवते. घराच्या वाटणीचा निकाल ज्यांना लागू व्हावयाचा ते त्या वेळी कोर्टात उभे असतात. अरण्याचा निकाल ज्यांना लागू होतो त्यांपैकी बहुतेकांना खटला चालू होता हेही ठाऊक नसते.

आइंडहोवनच्या रहिवाशांना उदाहरण शोधण्यासाठी लांब जावे लागणार नाही. शहराच्या उत्तरेस लागून असलेल्या सोन या गावातील रेंडाक कारखान्याच्या प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘राड फान स्टाटे’ या राज्यपरिषदेच्या न्यायशाखेने निकाल दिला. त्याच दिवशी खेरट्राउडनबर्ख येथील आमर वीजकेंद्राविषयीही निकाल लागला. विषय होता नत्राचा, म्हणजे डच भाषेत ज्याला ‘स्टिकस्टॉफ’ म्हणतात त्याचा. गुरांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया आणि मोटारी व कारखाने यांच्या धुरातील नत्राची संयुगे वाऱ्याबरोबर जाऊन माळांवर व जंगलांत उतरतात. त्यांनी गवत माजते, जांभळ्या फुलांची हेदर मागे पडते, जमीन आंबट होऊन तिच्यातील चुना झिरपून जातो. गोगलगायी कमी होतात आणि त्यांच्या शंखांतून चुना मिळविणाऱ्या लहान पक्ष्यांची हाडे कच्ची राहतात. फेलुवेच्या जंगलात पाय मोडलेली पिले घरट्यांत सापडली, ती याच कारणाने. स्ट्राब्रेख्ट्सेच्या माळावर रविवारी मुलांना घेऊन फिरावयास जाणाऱ्या कुटुंबांना ऑगस्टमधील तो जांभळा रंग परिचित आहे. त्याचे भवितव्य न्यायालयात वादाचा विषय झाले आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असावे.

निकाल काय होता? एखाद्याने आपला जुना व्यवसाय कमी करून त्याच जागी नवा सुरू केला आणि एकूण नत्र वाढले नाही, तर त्यास निसर्गविषयक नवा परवाना नको, अशी आधीची वहिवाट होती. परिषदेने ठरविले की, परवाना लागतो की नाही हे पाहण्याच्या पहिल्या पायरीवर ही वजाबाकी करता येणार नाही. ती परवान्याच्या चौकशीतच झाली पाहिजे. हा नियम १ जानेवारी २०२० पासून केलेल्या बदलांनाही लागू झाला. ज्यांनी जुन्या वहिवाटीवर विसंबून बदल केले, त्यांना १ जानेवारी २०३० पर्यंत सवड मिळाली. एवढे चार वाक्यांत सांगता येते. तथापि चहाच्या टेबलावर ते ‘कोर्टाने घरबांधणी बंद केली’ या एका वाक्यात सांगितले जाते. परवाना लागणे म्हणजे बंदी नव्हे. आणि ज्या शेतकऱ्यास किंवा छोट्या उद्योजकास २०३० ही मुदत ठाऊकच नाही, त्याला ते एक वाक्य ऐकून केवळ राग येईल, मार्ग सापडणार नाही. २९ मे २०१९ च्या निकालाने नत्राची सरकारी योजना परवान्यांचा आधार म्हणून निकामी ठरली, तेव्हाही असेच झाले. त्या वर्षी १ ऑक्टोबरला ट्रॅक्टर हेगमध्ये शिरले. त्यांना पाहणाऱ्यांपैकी निकालाचे पहिले पान किती जणांनी वाचले होते?

या बाबतीत सुरिनामचे उदाहरण मननीय आहे. तेथील सारामाका लोक म्हणजे गुलामगिरीतून पळून अरण्यात वसलेल्या आफ्रिकनांचे वंशज. १७६२ साली त्यांनी डचांशी तह केला. १९६० च्या दशकात आफोबाका धरणाच्या पाण्याखाली त्यांची गावे गेली. १९९० च्या दशकात उरलेल्या अरण्यात लाकूडतोडीचे ठेके दिले गेले. त्यांची तक्रार अखेर कोस्टारिकातील आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोहोचली आणि २८ नोव्हेंबर २००७ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या निकालात एक कलम असे आहे, की ज्याची वाखाणणी कितीही केली तरी थोडीच. निकालाचा मुख्य भाग डच भाषेत आणून सरकारी राजपत्रात व एका दैनिकात छापावा, आणि त्याचे महत्त्वाचे परिच्छेद सारामाका भाषेत, त्या लोकांना ऐकू येईल अशा नभोवाणी केंद्रावरून दोनदा वाचून दाखवावेत. खर्च सरकारने सोसावा! न्यायाधीशांना कळले होते की, नदीकाठच्या वृद्ध माणसाच्या कानी जो निकाल गेला नाही, तो त्याच्यापुरता लागलाच नाही. जमिनीची आखणी व हक्कांची नोंद यांसाठी दिलेली तीन वर्षांची मुदत मात्र तशीच उलटून गेली, हेही नमूद केले पाहिजे. नभोवाणी जमीन मोजून देत नाही. पण मुदत उलटली हे गावास कळते, ते ती आधी ऐकली असेल तरच.

गिरमिटाच्या वंशजांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ जहाज पारामारिबोस लागले, तेव्हापासून १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे पाच वर्षांच्या करारावर सुरिनामला गेली. मॉरिशसला तर ही वाट त्यापूर्वीच सुरू झाली होती. करारावर अंगठे उमटले, पण त्याचा कागद वाचू शकणारे त्यांत फारच थोडे. ‘अॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते कानाने ऐकूनच.

महाराष्ट्रातही आज हाच प्रश्न उभा आहे. २२ मे २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी वनच होत, असा निर्णय दिला. त्याच निर्णयात १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांवरील घरे, शाळा, कचेऱ्या यांना केंद्राच्या मंजुरीने संरक्षण मिळण्याची वाट ठेवली आहे. नागपूर किंवा गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या घरमालकास ‘जंगल ठरले’ एवढेच कळले, तर त्याची झोप उडेल; ‘घरे वाचली’ एवढेच कळले, तर १९९६ नंतर जागा घेणारा व्यर्थ निश्चिंत राहील. सर्वोच्च न्यायालय आता आपल्या निर्णयांची मराठी भाषांतरे प्रसिद्ध करू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट खरी. पण कायद्याचे मराठी आणि घरातले मराठी यांच्यामध्येही एक दुभाषा लागतोच.

सांस्कृतिक मंडळाने कोर्टकचेऱ्यांत का पडावे, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांची भीती निराधार नाही. नत्राच्या प्रश्नावर शेतकरी आणि निसर्गरक्षक यांच्यात या देशात पक्ष पडले आहेत, आणि मंडळात दोन्ही मतांची माणसे असणार. परंतु निकाल वाचून दाखविणे म्हणजे पक्ष घेणे नव्हे. कोणी काय मागितले, न्यायालयाने काय दिले, ते कोणास बंधनकारक, कोणत्या तारखेपर्यंत आणि वर अपील उरले आहे की नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मत ज्याचे त्याने बनवावे. शेवटची बाब तर विसरूच नये. २२ जानेवारी २०२५ रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने ग्रीनपीसच्या दाव्यात २०३० अखेरपर्यंतचे नत्रविषयक उद्दिष्ट गाठण्याचा आदेश राज्यास दिला, तेव्हा पुष्कळांनी तो अंतिम शब्द मानला. वस्तुतः ती पहिलीच पायरी होती.

पंचांगवाचन ऐकावयास माणसे अजूनही जमतात. त्याच सभागृहात, वर्षातून तीनचार वेळा, अर्धा तास असे निकालवाचन व्हावे. डच शाळांतून शिकलेली तरुण मुले मूळ निकाल वाचून देतील, ज्येष्ठ मंडळी त्याचे घरच्या भाषेत रूपांतर करतील. शब्द अडेल तेथे दोघांनी भांडावे. आरंभ सोनच्या निकालाने करावा. तो लांबलचक आहे, पण गाव सायकलच्या अंतरावर आहे.