तालुक्याचे फोटो कोण काढणार?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरी तालुक्यातला शेतकरी आज बांधावर उभा राहून फोटो काढतो, तो हौसेखातर नव्हे. 2021 साली ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सोयाबीन, कापूस, तुरीची नोंद करताना पिकाचा फोटो चढवणं हा शेतीच्याच कामाचा भाग झाला. अतिवृष्टीच्या पंचनाम्याला फोटो लागतो, घरकुलाच्या हप्त्यालाही लागतो. कॅमेरा असा खिशाखिशात पोचला. तरीही उमरीचा मोंढा, स्टेशन, जुने वाडे, गोदाकाठची गावं आणि आठवडी बाजारातली माणसं यांचे तारीखवार, नावनिशीवार लावून ठेवलेले फोटो बघायला कुठे जावं, असं कुणी विचारलं तर बोट दाखवायला जागा सापडणं कठीण. हे काम सरकारी खातं करणार नाही आणि लग्नसराईवर पोट असलेल्या स्टुडिओवाल्याला ते परवडणार नाही. ते हौशी छायाचित्रकारांचं काम आहे. तालुक्याच्या गावातल्या फोटो क्लबची किंमत पदकांवर नव्हे, या कामावर ठरायला हवी.

हौशींनी एकत्र येण्याची आपली परंपरा जुनी आहे. फोटो काढण्याची रीत जगापुढे आली 1839 मध्ये. त्यानंतर पंधराच वर्षांत, 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. देशातली ही अशी पहिली संस्था. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. नारायण दाजींचा पेशा वैद्यकीचा, पण त्यांनी मुंबईतल्या माणसांचे काढलेले फोटो त्या काळच्या शहराची साक्ष देतात. पुढे 1937 मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, 1953 मध्ये देशभरातल्या क्लबांचा महासंघ झाला आणि क्लब चालवण्याची एक घडी बसली. महिन्याची बैठक, एकमेकांच्या फोटोंवर चर्चा, सहल, वार्षिक प्रदर्शन, सलॉन म्हणजे देशोदेशीच्या स्पर्धा, त्यातले पंच, गुण आणि नावापुढे लावायच्या पदव्या. आजही लहानमोठे क्लब बहुतेक याच वाटेने चालतात.

या वाटेने फायदा होतोच. उजेड वाचायला शिकावं लागतं, चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळतं, आपल्यापेक्षा सरस काम पाहून डोळा तयार होतो. पण स्पर्धेची एक सवयही लागते. धुक्यातली होडी, पायऱ्यांवरचा साधू, सुरकुतलेला म्हातारा चेहरा, पाण्याला चोच लावणारा खंड्या असे ठरावीक विषय पुन्हा पुन्हा येतात. बक्षीस मिळवणाऱ्या अशा फोटोखाली गावाचं नाव नसतं, माणसाचं नाव तर नसतंच. उमरीच्या क्लबने प्रवेश शुल्क भरून परदेशी सलॉनला वीस फोटो पाठवले आणि त्यातून उमरी कुठेच दिसली नाही, तर गावाच्या हाती काय लागलं?

मराठवाड्याला हा प्रश्न अधिक टोचायला हवा, कारण या भागाचे जुने फोटो बहुतांशी बाहेरच्यांनी काढलेले आहेत. निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी संस्थानचे राजवाडे, दरबार, शिकारी टिपल्या. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला रंगवल्या. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याच गिलनी कॅमेऱ्याने टिपलेली अजिंठा-वेरूळ मात्र 1860 च्या दशकात पुस्तकांतून छापली गेली होती, म्हणून ती शिल्लक राहिली. अनेक प्रती अनेक ठिकाणी असल्या की फोटो वाचतो, हा त्यातला व्यावहारिक धडा.

दुसरा धडा लातूर जिल्ह्याने घेतला, तो फार मोठी किंमत मोजून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवची बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. माणसं गेली, आणि दगडमातीची माळवदं, ढेलजा, ओसऱ्या, वेशी, पार असा गावाचा सगळा नकाशा गेला. वाचलेल्यांच्या कपाटांतले फोटोही ढिगाऱ्याखाली गेले. नव्या गावात वाढलेल्या मुलाला आजोबांची गल्ली दाखवायची तर बोलून सांगण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. भूकंपानंतर माळवदाची धास्ती बसली आणि जिथे धक्काही लागला नव्हता तिथेही स्लॅबची घरं उभी राहिली. नांदेड जिल्ह्यातली उरलीसुरली माळवदं आज पडायला टेकली आहेत. त्यांच्यासाठी पुढचा भूकंप लागणार नाही, दोन-चार पावसाळे पुरेत.

परदेशात हौशींनीच हे काम केल्याचं उदाहरण आहे. 1889 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे जेरोम हॅरिसन या शिक्षकाने एक कल्पना मांडली: क्लबच्या सभासदांनी आपल्या वॉरिकशायर परगण्याचे विभाग वाटून घ्यावेत आणि देवळं, घरं, पूल, जत्रा यांची नोंद करावी. सभासदांनी ते मनावर घेतलं. त्यातूनच 1897 मध्ये बेंजामिन स्टोन यांनी देशव्यापी संस्था काढली आणि 1910 पर्यंत हजारो फोटो ब्रिटिश म्युझियमच्या हवाली केले. सारी मंडळी हौशी होती आणि काच-प्लेटांचं ओझं वाहून त्यांनी हे केलं. आज ओझं मोबाइलएवढंच आहे.

उमरीत विषयांची वाण नाही. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरचं हे स्टेशन आहे. मीटर गेज गेली, ब्रॉडगेज आली, आणि जुन्या गाडीच्या आठवणी सांगणारी माणसं अजून गावात आहेत. 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी इथली बँक लुटून निजामी राजवटीला हादरा दिला. त्या धाडीचं वर्णन पुस्तकांत आहे, पण त्या दिवसाशी जोडलेल्या जागा आज कशा दिसतात आणि ज्यांच्या घरांत त्या आठवणी सांगितल्या जातात ती माणसं कोण, हे फोटोतून नोंदवणं राहून जाऊ नये. जवळच गोरट्याला संतकवी दासगणू महाराजांचं स्थान आहे. जिनिंगचे कामगार, मोंढ्यातले हमाल, दिंडीतल्या बाया, उन्हाळ्यात टँकरपुढे लागलेल्या घागरी हेही सारं उमरीच आहे.

अडचणी खऱ्या आहेत. पहिली वेळेची. क्लबात दोन तऱ्हेची माणसं येतात, शिक्षक-नोकरदार हौशी आणि स्टुडिओचे धंदेवाले. एकाला रविवारच मोकळा, तर दुसऱ्याला लग्नतिथी असली की रविवारीच श्वास घ्यायला फुरसत नाही. दुसरी अडचण मुलींची. कॅमेरा हाताळणाऱ्या मुली कॉलेजात आहेत, पण पहाटेच्या सहलीला घरून पाठवत नाहीत. त्यांच्यासाठी सहलीच्या वेळा बदलाव्या लागतील आणि घराघरांतली कामं, सण, स्वयंपाक, वाकळा हे विषय त्यांच्याकडे सोपवता येतील. तिथे पुरुष सभासदाला शिरकावच नसतो.

तिसरी अडचण साठवणुकीची, आणि ती सगळ्यात घातक. फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो तेव्हा त्याचा आकार आटतो, मोबाइल बदलला की मूळ प्रत गहाळ होते, हार्ड डिस्क एके दिवशी उघडतच नाही. जुन्या अल्बमातला प्रिंट पन्नास वर्षं टिकला आणि कालचा डिजिटल फोटो पाच वर्षांतच सापडेनासा झाला, हा अनुभव घरोघरचा आहे. निवडक फोटोंचे प्रिंट काढणं, मागे गाव, तारीख, नाव लिहिणं आणि तीन ठिकाणी प्रती ठेवणं याला पर्याय नाही.

चौथी अडचण विश्वासाची. पालावरच्या बाईसमोर किंवा कर्त्या माणसाने आत्महत्या केलेल्या घरात कॅमेरा काढला की पहिला प्रश्न येतो, ‘याचं काय करणार?’ त्याला प्रामाणिक उत्तर हवं. परवानगी घेऊन काढलेला, नाव विचारून नोंदवलेला आणि नंतर एक प्रिंट त्या घरी नेऊन दिलेला फोटोच उत्तम. दारिद्र्याची शोभा करून बक्षीस मिळवण्याला क्लबने साफ नकार द्यावा.

महागडा कॅमेरा नाही, ही सबब मात्र आता चालणारी नाही. कणकवलीच्या इंद्रजित खांबे यांनी आपल्याच मुलखातल्या दशावतारी कलावंतांना वर्षानुवर्षं टिपलं आणि त्यांचं मोबाइलवरचं कामही जगभर पाहिलं गेलं. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून एक सबंध पुस्तक उभं केलं. या दोघांच्या कामाचं बळ एका विषयाला धरून राहण्यात आहे.

म्हणून उमरीसारख्या गावातल्या क्लबने वर्षाचं वेळापत्रकच बदलावं. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो आणि 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पहिल्या दिवशी गावं वाटून घ्यायची, महिनाभर काम करायचं आणि झेंडावंदनाला गाव जमतं तेव्हा तिथेच प्रदर्शन मांडायचं. पहिल्या वर्षी विषय एकच असावा, माळवदाची घरं. दुसऱ्या वर्षी मुक्तिसंग्रामाच्या जागा, तिसऱ्या वर्षी मोंढा. नगर परिषदेने हॉल आणि प्रिंटचा खर्च द्यावा, सार्वजनिक वाचनालयाने एक कपाट, आणि महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने फोटोंखालच्या माहितीसाठी विद्यार्थी. घरातले जुने फोटो घेऊन येणाऱ्यांसाठी त्याच हॉलमध्ये एक स्कॅनर ठेवावा, मूळ फोटो हातोहात परत करावा आणि प्रत वाचनालयात जमा करावी.