टाचदुखीचा घरगुती उपचार आणि आपली जबाबदारी

टाचदुखीने त्रस्त झालेला रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे येत नाही. तो घरी गरम विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकतो, मग औषधी दुकानातून तेलाची बाटली नेतो आणि हे दोन्ही उपाय थकले म्हणजे चिकित्सालयाची पायरी चढतो. या व्याधीची पहिली चिकित्सा अशा रीतीने घरात आणि दुकानात होत असते. ती योग्य मार्गाने व्हावी, ही वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांचीही जबाबदारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल असह्य व्हावे, थोडे चालल्यावर वेदना उणावावी आणि दिवसभर उभे राहिल्यावर पुन्हा बळावावी, या लक्षणसमूहास आधुनिक वैद्यक प्लांटर फॅसिआयटिस म्हणते. तळपायाची कमान तोलून धरणारा जाड पट्टा टाचेच्या हाडाशी दुखावलेला असतो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वर्णिलेला वातकंटक याच्याशी पुष्कळ अंशी जुळतो. पाऊल विषम पडणे हा त्याचा हेतू सांगितला असून वाग्भटाचार्यांनी श्रमाचाही उल्लेख केला आहे. हेतू पायाच्या ठेवणीत आणि श्रमात असेल, तर निदानपरिवर्जनही तेथूनच सुरू व्हावयास हवे. कठीण फरशीवर अनवाणी उभी राहणारी गृहिणी किंवा झिजलेल्या सपाट चपलेत दिवस काढणारा कामगार यांना केवळ तेल देऊन कारण दूर होत नाही. टाचेला उंची आणि कमानीला आधार देणारे पादत्राण, घरातही वापरावयाची मऊ चप्पल आणि उभे राहण्यात खंड, हा उपचाराचा पाया होय.

दुसरी गोष्ट व्यायामाची. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक साधी कृती केवळ पोटरी ताणण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरली. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावीत आणि दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. पहिली खेप सकाळी जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वीच व्हावी. यास खर्च शून्य. त्यास कोमट तिळतेलाच्या अभ्यंगाची आणि मृदू स्वेदाची जोड द्यावी. एरंडस्नेहाचे पान, रक्तमोक्षण, अग्निकर्म हे शास्त्रोक्त उपाय मात्र वैद्यानेच योजावयाचे आहेत. ते घरगुती नव्हेत.

आता धोक्याविषयी. मधुमेहाने तळपायाची संवेदना मंदावलेल्या रुग्णास विटेचा चटका कळत नाही. साध्या शेकाने फोड, फोडातून व्रण आणि व्रणातून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. विषगर्भ तेलात वत्सनाभ असतो. ते भेगाळलेल्या टाचेवर चोळणे अनुचित आहे. म्हणून तेलाची बाटली देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत: मधुमेह आहे काय? पाय बधिर होतो काय? मार, सूज अथवा ताप आहे काय? विश्रांतीतही अथवा रात्री वेदना राहते काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास बाटली बाजूस ठेवून रुग्णास वैद्याकडे पाठवावे. तरुण रुग्णाच्या दोन्ही टाचा दुखत असून सकाळी कंबरही आखडत असेल, तर वैद्यानेही आमवातसदृश सांधेविकाराचा शोध घ्यावा.

क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या वाढलेल्या हाडाचे भय घालणेही थांबले पाहिजे. वेदना नसलेल्या अनेकांच्या टाचेतही ते आढळते.

दुकानात गर्दीच्या वेळी इतके विचारणार कोण, अशी अडचण औषधविक्रेते मांडतील. ती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे वरील कृती, पादत्राणाच्या सूचना आणि चार प्रश्न मराठीत छापलेली एक चिठ्ठी प्रत्येक बाटलीसोबत द्यावी. बरे होण्यास काही आठवडे नव्हे, तर कित्येक महिनेही लागू शकतात, हे तीवर स्पष्ट लिहावे. आठवड्यात गुण येण्याचे आश्वासन मिळालेला रुग्ण दुसऱ्या आठवड्यात वेदनाशामक गोळ्यांकडे वळतो आणि दोष आयुर्वेदास देतो. खरी मुदत सांगितलेला रुग्ण धीर धरतो. शास्त्रावरील हा विश्वास टिकविणे एका बाटलीच्या विक्रीहून मोलाचे आहे, हे आपण सर्वांनी ध्यानी घ्यावे.