आजोबांचा चष्मा सुटला!

संध्याकाळच्या कट्ट्यावर पंचाहत्तरीचे एक आजोबा एके दिवशी जाहीर करतात, ‘‘माझा चष्मा सुटला!’’ पुरावा म्हणून शेजाऱ्याच्या हातातला पेपर ओढून छोट्या जाहिराती घडाघडा वाचून दाखवतात. श्रेय कधी घरच्या तुपाला जाते, कधी गाजराला, कधी पहाटे डोळ्यांवर मारलेल्या गार पाण्याला. समोरून येणाऱ्या बसचा नंबर मात्र ती थांब्याला लागेपर्यंत त्यांना दिसत नाही. त्याची चर्चा कट्ट्यावर होत नाही.

नेत्रतज्ज्ञांना हा चमत्कार चांगलाच परिचयाचा आहे. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू धरू लागला की भिंग घट्ट होते, प्रकाश जास्त वळवते आणि डोळ्याला मायनस नंबर येऊ लागतो. जवळचे काही काळ बिनचष्म्याचे दिसते, लांबचे धूसर होत जाते. पुढे जवळचेही जाते. आजोबांचा चष्मा सुटलेला नाही, मोतीबिंदूने तो थोडे दिवस काढून ठेवला आहे.

म्हाताऱ्या डोळ्यांची दोनच निदाने आपल्याकडे घरच्या घरी होतात. चांगले दिसले तर ‘जुनं हाड’ आणि कमी दिसले तर ‘वय झालं’. यातले दुसरे फार महाग पडते. वयाने होणारे साधे बदल, ऑपरेशनने बरा होणारा आजार आणि कायमची दृष्टी नेणारा आजार, सगळे त्या दोन शब्दांखाली एकत्र झाकले जाते.

साधा बदल म्हणजे चाळिशी. वाचायच्या चष्म्याला मराठीने थेट वयाचेच नाव दिले, आणि ते अचूक आहे. भिंगाचा लवचीकपणा लहानपणापासूनच कमी होत असतो. चाळिशीच्या आसपास तो इतका कमी उरतो की पेपर हातभर लांब धरावा लागतो. हा आजार नव्हे, आणि व्यायामाने किंवा थेंबांनी भिंग पुन्हा तरुण होत नाही. चष्मा लावावा, विषय संपवावा. तरी तो लावायला लोक बिचकतात, वय उघडे पडते म्हणून.

‘‘सुईत दोरा ओवून दे गं,’’ ही आजीची हाक घरात गोड वाटते. शिलाई मशीनवर पोट असलेल्या पंचेचाळिशीच्या बाईला तीच हाक दिवसातून दहा वेळा मारावी लागली तर मजुरी बुडते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना जवळचे चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली.

मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या भारतीयांच्या अंधत्वाचे जवळजवळ दोन-तृतीयांश कारण मोतीबिंदू निघाले. हे अंधत्व ऑपरेशनने बहुतेकदा परत फिरवता येते. जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी केलेल्या हजारो शस्त्रक्रियांमुळे ही गोष्ट महाराष्ट्रात खेडोपाडी पोचली. तरी ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्ला अजून ऐकू येतो. पूर्वी अख्खे भिंग काढत, तेव्हा त्याला काही अर्थ होता. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले, १९६७ साली चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून काढण्याची पद्धत आणली, आणि थांबण्याचे कारण संपले. आता पिकू दिलेला मोतीबिंदू दगडासारखा होतो, ऑपरेशन अवघड करतो. फार पिकला तर डोळ्याचा दाब वाढवून दुखणे उभे करतो.

आणि तिसरा, काचबिंदू. बहुतेकदा तो दुखत नाही, लाल होत नाही, समोरची अक्षरे शेवटपर्यंत स्वच्छ ठेवतो. कडेची नजर तेवढी इंचाइंचाने खातो, आणि डोळ्यामागच्या नसेचे गेलेले तंतू कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाहीत. दाराची चौकट खांद्याला लागू लागते, शेजारून गेलेली स्कूटर दिसत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, वय झालं. दक्षिण भारतातल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्या बहुसंख्य लोकांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नव्हता. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, किंवा दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले असतील, तर धोका आणखी वाढतो. मधुमेहींच्या डोळ्याचा पडदाही असाच बिनआवाजाचा बिघडतो. त्यांनी तो दरवर्षी दाखवायला हवा.

म्हणूनच चाळिशी लागते तो मुहूर्त वाया घालवू नये. फुटपाथवरचा तयार चष्मा वाचायची सोय करतो, दुकानातले यंत्र नंबर सांगते. डोळ्याच्या आत कोणीच बघत नाही. पहिल्या चाळिशीबरोबर एकदा बाहुली मोठी करून पडदा आणि नस पाहणे, डोळ्याचा दाब मोजणे, हे ठरूनच जायला हवे. वाहन परवान्यासाठी चाळिशीनंतर ‘नमुना १-अ’चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच. त्या निमित्ताने ही तपासणी जोडणे सरकारला अवघड नाही.

अडचण खरी आहे ती वेळेची. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास नीट दिसत नाही, सोबत कोणी लागते, रोजंदारीवरच्याचा खाडा पडतो. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस ही सोय झाली तर खाडा निदान अर्ध्या दिवसाचा होईल. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूवर जोर लावला. तोच जोर आता काचबिंदू आणि मधुमेही डोळ्यांवर लावण्याची वेळ आली आहे.

तोवर घरी एक करता येईल. स्विस डॉक्टर मार्क अ‍ॅम्सलर यांनी पडद्याच्या मधल्या भागाचा बिघाड ओळखायला चौकटींचा एक तक्ता केला होता. तसाच चौकटींचा तक्ता मराठी घरात भिंतीवर टांगलेलाच असतो. जवळचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, महिन्याच्या मधल्या तारखेकडे बघावे. मग दुसरा डोळा झाकून. कॅलेंडरच्या सरळ रेघा वाकड्या दिसल्या, किंवा एखादी तारीख डागाखाली गेली, तर डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावे, दिवाळीनंतर नव्हे. रेघा सरळ दिसल्या तरी काचबिंदू यात कळत नाही. त्यासाठी त्याच कॅलेंडरवर तपासणीची तारीख लिहून ठेवावी लागेल.